मीरसेलेचे सर्वसंमत बूट

एकमतानं घेतलेला निर्णय कधीच चुकत नाही, अशी मीरसेले स्कूटर मंडळाची ठाम श्रद्धा होती. इतकी ठाम, की तिला तडा जाऊ नये म्हणून मंडळानं कित्येक वर्षांत एकही निर्णय घेतला नव्हता. स्कूटर म्हणजे बर्फावर धावणारी स्नोमोबाइल. स्वीडनच्या या उत्तर टोकाला दुसऱ्या कुठल्या प्रकारची स्कूटर असते, यावर कोणाचा विश्वास नाही.

ही परंपरा मोडली ती फोल्केच्या डाव्या पायाच्या करंगळीनं. फोल्के मंडळाचा वाट-आखणीप्रमुख. हाताखाली कोणीच नव्हतं, म्हणून प्रमुख. दर जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर लाल फुल्यांचे खांब रोवत पैलतीरापर्यंत वाट आखायची, हे त्याचं काम. मागच्या हिवाळ्यात त्याचे बूट फाटले आणि करंगळी पांढरी पडली. ती अजून पूर्ण शुद्धीवर आली नव्हती. त्यानं मंडळाकडे नवे बूट मागितले. उबदार हवेत, कारण स्कूटरवर बसलं की उणे तीस अंशांचं वारं थेट पायांवर येतं. आणि हलके हवेत, कारण प्रत्येक खांबाला उतरून गुडघाभर बर्फ तुडवावा लागतो.

करंगळीपलीकडेही एक कारण होतं. पैलतीरावर एल्सी राहायची. वसंतात भेटली तेव्हा ती म्हणाली होती, "वाट झाली की ये. रेनडियरचा रस्सा करीन. नाही आलास तर शाळांच्या हिवाळी सुट्टीच्या आठवड्यानंतर मी लुलेओला बहिणीकडे जाईन म्हणते, आणि तिकडे गेले की तिकडचीच होईन." आखल्या वाटेशिवाय तळ्यावर स्कूटर घालायची नाही, हा मंडळाचा नियम. तो फोल्केच्या वडिलांनी केलेला. मोडला असता तर वर गेल्यावर जाब द्यावा लागला असता.

बैठक मंडळाच्या लाकडी घरात भरली. सगळ्यांनी दारात बूट काढले आणि लोकरी मोज्यांवर आत आले. घरात बूट घालून फिरणारा आणि चर्चमध्ये शीळ घालणारा, मीरसेलेत दोघांकडे एकाच नजरेनं बघतात. अध्यक्षस्थानी गुनवोरबाई होत्या, गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका. उपस्थितांपैकी प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी वर्गाबाहेर उभं केलेलं होतं.

टेबलावर नमुन्याच्या दोन जोड्या होत्या. एक जाड अस्तराची, वजनदार. दुसरी पिसासारखी.

"घालून बघू का?" फोल्केनं विचारलं.

"आत?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मग बाहेर जाऊन घालतो."

"बाहेर घातलेस की वापरलेले झाले," खजिनदार हिल्डिंग म्हणाला. "दुकानदार परत घेणार नाही."

तेव्हा बूट पायात न घालता चाचणी करण्याची पद्धत ठरली: सदस्यांनी ते हातात घालायचे. कॉफी आली तेव्हा उपाध्यक्ष रागनवाल्ड कोपरापर्यंत बुटांत होता. दालचिनीचा बन त्याला हिल्डिंगनं भरवला. चाचणीचा निष्कर्ष निर्विवाद निघाला. जड बूट उबदार होते आणि हलके बूट हलके होते.

"माणूस थंडीनं मरतो," रागनवाल्ड म्हणाला. "बूट जड झाले म्हणून मेलेला कोणी दाखव मला."

"बर्फात रुतून बसला की थंडीनंच मरेल ना," हिल्डिंग म्हणाला. " ते बूट नाहीत, दोन बादल्या आहेत."

"आणि तुझे ते? माझ्या बायकोच्या सपाता बऱ्या."

"मला कुठलेही चालतील," फोल्के म्हणाला.

"तू मत देऊ नकोस, फोल्के," बाई म्हणाल्या. "तू लाभार्थी आहेस."

कॉफीची किटली चौथ्यांदा भरली तेव्हा एकमत झालं. डाव्या पायाला उबदार बूट, कारण आजारी करंगळी डावी. उजव्या पायाला हलका. दोन्ही पक्षांच्या भावना राखल्या गेल्या. बाईंनी हातोडा आपटला.

"बाई, म्हणजे जोड्या दोन घेणारच आहोत," फोल्के चाचरत म्हणाला. "तर मग मी एक अख्खी जोडीच घालतो की."

"मग दुसरी बाजू हरल्यासारखी होईल. बस खाली."

उरलेले दोन बूट राखीव जोडी म्हणून काचेच्या कपाटात, करंडकांशेजारी विराजमान झाले.

फोल्के वाट आखायला निघाला त्या दिवशी तळ्यावर दाट धुकं होतं. स्कूटर थांबवायची, पायी पुढं जायचं, खांब रोवायचा, मागं येऊन स्कूटर तिथवर आणायची. डावा बूट खोल रुते, उजवा वरच्यावर निसटे. डाव्या पायाला घाम फुटला होता, उजवा कधीच बधिर झाला होता, पण मनात रस्सा उकळत होता. अंधार पडता पडता समोर खिडकीतला दिवा दिसला. फोल्केनं मिशांवरचा बर्फ झाडला, टोपी काढून केस बसवले आणि दारावर हळूच टकटक केली.

"बूट दारात काढ," आतून गुनवोरबाईंचा आवाज आला.

मंडळानं वाटेची पाहणी केली. वाट मंडळाच्या दारात सुरू होऊन मंडळाच्या दारात संपत होती. जिच्यावर कोणी हरवूच शकत नाही अशी ही तालुक्यातली पहिली वाट, असा शेरा बाईंनी दिला. सुट्टीच्या आठवड्यात पाहुणे लोटले, गोल गोल फिरले आणि खूश झाले. कोणाचेही पाय गारठले नाहीत, कारण शेकोटी कधीच लांब नव्हती. याचं श्रेय बुटांना मिळालं. शहरातल्या दुकानात एक जड आणि एक हलका अशी 'मीरसेले जोडी' विकायला आली. ती घेणाऱ्यांनी, कशी वाटली असं विचारल्यावर, एकमतानं उत्तम म्हणून सांगितलं.

आठवड्याच्या शेवटी अभिनंदनाची बैठक होती. फोल्के कोपऱ्यात मोज्यांवर उभा राहिला. "वाट पैलतीराला जायला हवी होती."

"का? तिकडं काय आहे?" हिल्डिंगनं विचारलं.

"रस्सा आहे," रागनवाल्ड म्हणाला. फोल्केचे कान लाल झाले. बैठक खुसखुसली.

"मग कपाटातली जोडी घाल," बाई म्हणाल्या. "त्यात जड बूट उजवा आहे. ती वाट उजवीकडून येईल. त्यासाठी उपसमिती नेमावी लागेल."

तेवढ्यात दार उघडलं. हातात मोठं पातेलं घेऊन एल्सी आत आली. पातेलं खाली ठेवून तिनं साधे, शहरी बूट दारात काढले.

"रस्सा तीनदा गरम केला, फोल्के," ती म्हणाली. "चौथ्यांदा म्हटलं, आता आपणच जावं."

"वाट नसताना तळं ओलांडलंस?" बाईंचा हात हातोड्याकडे गेला.

"तळं कशाला? बसनं आले."

तळ्याला वळसा घालून पैलतीरापर्यंत डांबरी रस्ता जातो, त्यावरचा बर्फ रोज काढतात, हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. पण विषयपत्रिकेवर बूट होते, त्यामुळे रस्ता आहे का, असं कोणी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

परतीच्या बसमध्ये एल्सीबरोबर फोल्केही चढला. बसमध्ये हीटर असतो.