विहिरीतला रणकेतू

बाहत्तर सालच्या दुष्काळात, कर्जतच्या वाटेवरच्या एका पाणीटंचाई कचेरीपुढे अत्यंत तातडीचा प्रश्न उभा राहिला. ‘वीर रणकेतू’ या पाक्षिक चित्रकथेच्या शेवटच्या पानावर दुष्टांनी रणकेतूला कोरड्या विहिरीत ढकललं होतं, आणि पुढचा अख्खा अंक तो तिथंच होता. पाण्याचा थेंब नाही.

हेडक्लार्क श्रीमंतराव म्हणत, पंधरवडा उलटला, म्हणजे गडी मेलाच. ज्युनिअर क्लार्क आमोस दोन्ही अंक शेजारी मांडून दाखवी की चंद्र तोच, दाढीही तेवढीच. सबब विहिरीत अजून पहिलीच रात्र आहे. सकाळच्या चहापासून दुपारच्या चहापर्यंत खल झाला. अंक निघाल्याशिवाय काळ पुढं सरकत नाही, हे तत्त्व कचेरीनं एकमतानं मान्य केलं.

तेवढ्यात राहीबाई दारात आली. काखेत रिकामी घागर, पायांवर चार कोसांची धूळ.

“सायेब, टँकर येऊन आठ दिस झालं. हिरीत निस्ता गाळ हाय. घरात बाळंतीन सून हाय.”

श्रीमंतरावांनी ताजं तत्त्व तिथल्या तिथं लागू केलं. “मावशी, दोन खेपांमधला काळ कचेरी धरत नाही. खेप झाली नाही म्हणजे दिवस बदलला नाही. तुमचा अजून पहिलाच दिवस चालू आहे.”

“दिस बदलला न्हाई, तर तहान कशापायी वाढती?”

हा मुद्दा आमोसला सुचलाच नव्हता. म्हणजे रणकेतूची तहानही वाढतच असणार! श्रीमंतरावांनी राहीबाईचे मनापासून आभार मानले. नवा अंक नगर स्टेशनच्या स्टॉलवर आला होता, पण इथं यायला दोन दिवस लागणार, आणि तोवर दम धरणं शक्य नव्हतं. जीप बंद होती. टँकर मात्र दारात उभा होता.

“गाडी भरल्याली हाय,” ड्रायव्हर गोरक्षनाथ म्हणाला. “ह्या मावशीच्याच वाडीला निघालो हुतो.”

भरलेली गाडी हळू चालते आणि स्टॉल सहाला बंद होतो. तेव्हा वाहन हलकं करण्याचा आदेश निघाला आणि पाणी आवारातल्या कण्हेरीला सोडण्यात आलं. राहीबाईनं धावत जाऊन घागर नळीखाली धरली. आमोसनं तिला हात जोडून बाजूला केलं. कचेरीच्या आवारात पाणीवाटपाची तरतूद नव्हती. कण्हेरीबद्दल नियम काहीच म्हणत नव्हते.

दिवेलागणीला अंक आला. पहिल्याच पानावर रणकेतूला विहिरीच्या तळाशी झरा सापडतो आणि तो ओंजळीनं पोटभर पाणी पितो. सगळ्या कचेरीचा जीव भांड्यात पडला. श्रीमंतरावांनी पेढे वाटले.

कोरड्या विहिरीत झरा आला कुठून, हे तुमच्या मनात आलंच असेल, वाचकहो. कचेरीतही लगेच तोच वाद सुरू झाला आणि अजून चालू आहे. राहीबाई केव्हाच निघून गेली. ती कुठल्या वाडीची, हे कचेरीनं तिला विचारलं नाही, आणि तुम्हीही मला विचारलं नाहीत.