पाटकरकाकांचा ळ

आमच्या शेजारचे पाटकरकाका फुकट मिळालेल्या वस्तूवरून भांडायचे. न्हावा शेव्याला कंटेनरच्या ऑफिसात नोकरी, आणि पनवेलच्या घरी टेलिफोनच्या तारेला कॉम्प्युटर जोडून मुंबईच्या एका ‘बोर्डा’वर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या सामाईक फळ्यावर, हजेरी. तिथे लोक एकमेकांसाठी प्रोग्रॅम ठेवत. कुणी नुसताच चालता प्रोग्रॅम ठेवला आणि तो ज्यातून बनला ते मूळ लिखाण, म्हणजे सोर्स, दिला नाही, की काका चारचौघांत लिहीत, “सीलबंद डबा दारात टाकून पळू नये.” मला म्हणत, “अरे, लोणचं देतोस तर कृती सांगायला काय होतं?” निम्मा बोर्ड त्यांना टरकून असे.

मग घशाच्या ऑपरेशनमध्ये काकूंचा आवाज कायमचा गेला. हात आधीपासूनच थरथरायचे, पेन धरवत नसे. एका बोटाने बटणं तेवढी दाबता येत. काकांनी बोर्डावर विचारलं, तर नाशिकच्या कुलकर्णी नावाच्या, कधी न पाहिलेल्या माणसाने त्यांच्यासाठी मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम लिहून ठेवला. काकू बोलू लागल्या. फक्त ळ उमटेना, तिथे ल यायचा. “गला दुखतो.” “वेल झाली, जेवा.” आम्ही हसायचो. काकूही हसायच्या, आवाजाशिवाय.

आभार राहिले बाजूला, काकांनी बोर्डावर लिहिलं, “सोर्स द्या. माझ्या बायकोचं अक्षर तुम्ही कुलपात ठेवलंय.” मला त्यांचा संताप आला. काकूंनी स्क्रीनवर काहीतरी लिहिलं, ते काकांनी वाचलं आणि कॉम्प्युटरच बंद केला. कुलकर्णी बोर्डावर पुन्हा दिसला नाही. ळ यायची वाट बघत काकू गेल्या.

त्यानंतर काकांनी बोर्डावर लिहिलं, “कुलकर्णी, ती गेली. माझं चुकलं.”

कुलकर्णी एसटीने आला, फ्लॉपी घेऊन. “काका, सोर्स आणलाय. फार गबाळं लिहिलं होतं हो. पसारा असला की आपण पाहुण्याला दारातच पाणी देतो ना, तसं झालं. चारचौघांत दाखवायची लाज वाटली.”

काकांनी सगळं वाचलं. चूक एका ओळीत होती. कुलकर्णी दुरुस्त प्रोग्रॅम मशीनवर चढवायला वाकला, तर काकांनी त्याचा हात धरला.

“बोर्डावर सगळ्यांना दे. इथे जुनाच राहू दे.”

“काकू रागावल्या होत्या का माझ्यावर?”

“तुझ्यावर नाही रे. मला म्हणाली, ‘कशाला छलता त्याला?’”

काकांनी ते ल लावूनच म्हटलं, आणि आमच्यादेखत रडले.