विहिरीतल्या वहिनीचा सांगाडा

"आगं, काल हिच्या डाव्या पायाला जखम व्हती. आज उजव्या पायाला कशी गेली?"

सुभेदार नाथाजींचा असा प्रश्न आला की बनुबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. 'विहिरीतली वहिनी' ही भुताची मालिका त्या नेमाने बघत आणि शेजारी बसून नाथाजी तिच्यातल्या चुका वहीत टिपत. सैन्यात सत्तावीस वर्षं जवानांची बटणं आणि बुटांच्या नाड्या तपासलेला माणूस. वहिनी मेलेली असली म्हणून तिला सूट नव्हती.

"भिंतीतनं आरपार जाती, मग दाराची कडी कशापायी वाजवती?"

"रीत म्हणून! तुमच्यावानी आगाव न्हाई ती. एवढं खुपतंय तर त्येंनाच कळवा की!"

नाथाजींनी कळवलं. अठरा पानी पत्र गेलं आणि आठवड्यात मालिकेचा लेखक रविराज याचा फोन आला. "औंधजवळ शूटिंग चालू आहे. तुम्ही याच."

इस्त्रीचा कोट चढवून नाथाजी बनुबाईंसह हजर झाले. दिग्दर्शकाने त्यांना कौतुकाने खुर्ची दिली आणि दुपारपर्यंत त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. नाथाजींनी चार वेळा शूटिंग थांबवलं. कधी कपातला चहा पिऊनही वाढला, कधी कपाळावरचं कुंकू सरकलं. दर वेळी वहिनीचं काम करणाऱ्या दीपमालावर नव्याने बादली ओतावी लागे. भूत शिंकायला लागलं.

तेवढ्यात नाथाजींच्या हाती पुढच्या प्रसंगाचा कागद आला. "विहिरीत वहिनीचा सांगाडा सापडतो? आवं, बाराव्या भागात तिला जाळली, राख नदीत सोडली. मग सांगाडा आला कुठनं?"

रविराज मटकन खाली बसला. पुढचे चाळीस भाग त्याच सांगाड्यावर उभे होते. पंगतीत आमटी खारट झाल्याचं मोठ्याने बोलणाऱ्याकडे आचारी बघतो, तसं सगळं युनिट नाथाजींकडे बघू लागलं. ही चूक दिसलीच नसती तर बरं, असं नाथाजींना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बनुबाई एका बाजूला दीपमालाचे केस पदराने पुसत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्यो वहिनीचाच हाय, आसं कोन म्हनलं? सासूचा आसंल. सासू काशीला गेली म्हनत्यात, पर तिला गाडीत बसताना बघितलं का कुनी?"

रविराज ताडकन उठला आणि बनुबाईंच्या पाया पडला. "मावशी, शंभर भाग दिलेत तुम्ही!"

परतीच्या एसटीत नाथाजींनी वही मिटून खिशात घातली. मग हळूच म्हणाले, "लाज राखलीस गं आज." एकोणचाळीस वर्षांच्या संसारात बनुबाईंनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

महिन्याने तो भाग लागला. शेवटी पडद्यावर अक्षरं आली: 'विशेष आभार : श्रीमती बनुबाई आणि कै. सुभेदार नाथाजी'.

"कैलासवासी?" नाथाजी उभेच राहिले. "मी?"

बनुबाईंनी जीभ चावली. "नावं लिवून घ्यायला एका पोरीचा फोन आला व्हता. सुभेदारांस्नी द्या म्हनली. तुमी कराडला गेलेला. म्या म्हनलं, ते गेलं की सकाळीच. तर पोरगी मुसमुसाया लागली. मला वाटलं, सर्दी झालीया."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिरजेहून अश्फाक आला. पूर्वी तो नाथाजींच्या हाताखाली शिपाई होता. गोठ्यात म्हशीला वैरण टाकणाऱ्या माणसाकडे न बघताच तो घरात शिरला आणि बनुबाईंसमोर रडू लागला. "काकी, अब्बांच्या ऑपरेशनच्या वक्ताला साहेबांनी स्वतःची रजा सोडून मला घरी धाडलं. अब्बा वाचले. पण साहेबांचे आभार मानायचे राहूनच गेले!"

"ऱ्हायलं कुठं? मान की आता," दारातून नाथाजी म्हणाले.

अश्फाकने किंकाळी फोडली आणि मग त्यांना जी मिठी मारली ती सोडेचना.

दिवसभर माणसं येत राहिली. बांधावरून अकरा वर्षं अबोला धरलेला केरबासुद्धा आला. "माझं बैल पुरात ह्येंनीच वढून काढलं व्हतं," असं त्याने चारचौघांत कबूल केलं. समोर जिवंत माणूस बघून प्रत्येकजण आधी दचके, मग हसे आणि चहाला बसे. आपण कुणासाठी काय काय केलं होतं हे नाथाजींना स्वतःलाच आठवत नव्हतं. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते.

संध्याकाळी रविराजचा फोन आला. "साहेब, फार मोठी चूक झाली! उद्याच्या भागातच दुरुस्ती टाकतो."

नाथाजींनी अंगणात नजर टाकली. फाटकाशी आणखी एक जीप थांबत होती.

"गडबड नगा करू," ते म्हणाले. "मंगळवारपत्तूर ऱ्हाऊ द्या. कोरेगावचं पाव्हणं आजून यायचं हायती."