नाखवांना रिमोट परत द्या

गेल्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, कळव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात टीव्हीवरचा चालू सामना बंद करून नाखवांना बाहेर काढण्यात आलं. आरोप काय, तर स्वतःच्याच टीमचा खेळाडू पडल्यावर टाळ्या वाजवल्या.

वाजवल्या. दर वेळी वाजवतात.

नाखवा म्हणजे तळमजल्यावरचे सत्तरीचे कोळीबाबा. उभा जन्म खाडीत होडी चालवली. आता इंग्लंडातल्या खालच्या डिव्हिजनच्या एका फुटबॉल क्लबचे भक्त. त्या गावाचं नाव त्यांना धड घेता येत नाही, म्हणून क्लबला 'आपली होडी' म्हणतात. नारळी पौर्णिमेला खाडीत दोन नारळ सोडतात. एक कोळीवाड्याचा, एक क्लबचा. गोल खाल्ला की शिव्या गोलकीपरला नाहीत, जाळ्याला. "असला ढिला जाला? यात बोंबील पन नाय रवायचा!"

आणि खेळ रंगला की सुरू, "पड रं बाबा! लागू नको दे, नुसता पड!"

"अहो नाखवा, टीम तुमची की समोरच्यांची? पनवती नुसती!" सेक्रेटरी सावंतांनी रिमोट खिशात घातला. क्रिकेट असलं की याच ऑफिसात शेजारच्या बिल्डिंगीतले घुसून नाचतात, तेव्हा कुठे जातात हे सावंत?

रविवारी निषेधाच्या अर्जावर नाखवांची सही घ्यायला गेलो. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि मोबाईल पुढे केला. थांबवलेलं चित्र होतं. मैदानात पडलेला गडी, आणि त्याच्याकडे धावणारी, पिवळ्या जाकिटातली, मसुराच्या डाळीएवढी एक बाई.

"माजी सुगंधा."

मुलगी तिकडे नर्स आहे. क्लबच्या घरच्या सामन्यांना प्रथमोपचाराला उभी असते. कुणी पडलं, तरच कॅमेऱ्यात येते.

"पण व्हिडिओ कॉल करते ना रोज?"

"करते. 'बरी हाय बाबा' म्हनते. बसून कोन पन बरा दिसतं रं. मागच्या साली पाय मोडलेला, मना सांगितला पन नाय. टीव्हीवर धावताना बगितला, पोर लंगडते." त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "यात पाय दिसतो का तुला? शनिवारी आता कुठं धावाया निघालेली, तवर बंद केला."

पुढचा घरचा सामना येत्या शनिवारी, साडेसातला. सावंतांच्या खिशातून रिमोट मी काढतो. तुम्ही फक्त खाली या. आणि आपला गडी पडला, की टाळ्या वाजवा.