गौरींचं वय

"आज नेमका भोकाचा मोजा घातलाय मी," एक पोलीस दुसऱ्याच्या कानाशी कुरकुरला, "आणि ही आजी माझ्या अंगठ्याकडेच बघतेय."

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या त्या घराचा जिना इतका अरुंद, की तिथे कुजबुजलेलं वर-खाली सगळीकडे पोचतं. वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या अरुणालाही ते पोचलं. कोर्टाचं वॉरंट घेऊन सकाळीच दारात उभ्या राहिलेल्या पोलिसांना तिच्या सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, मुळीच अडवलं नव्हतं. त्यांनी फक्त काठी आडवी धरून बुटांकडे बोट दाखवलं होतं. वॉरंटात बुटांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. सार्जंट हॉलोवे नावाच्या उंच्यापुऱ्या बाई क्षणभर थबकल्या आणि मग लेस सोडायला वाकल्या. साहेबच वाकल्यावर बाकीच्यांचं काय चालणार? घराची झडती मोज्यांवर सुरू झाली.

पोलीस आले होते ते गौरींचे मुखवटे न्यायला.

त्याचं असं झालं. अरुणाचा नवरा उल्हास तसा मितभाषी माणूस. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याचा आवाज ऐकायला आला, की लोक नेटवर्क तपासत. पण गौरींचा विषय निघाला की त्याची जीभ सैल सुटे. पंचवीस वर्षांपूर्वी तो साताऱ्याहून इकडे यायला निघाला, तेव्हा आईने हे दोन पितळी मुखवटे त्याच्या हवाली केले होते. "घरातल्या जुन्या आहेत हो, सांभाळ," म्हणाली होती. थोरल्या अंबरीशला मात्र नवे घेऊन दिले, असंही म्हणाली होती. तेव्हापासून उल्हासच्या तोंडी गौरींचं वय वाढत चाललं. तनू जन्मली तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या, तनू कॉलेजला गेली तेव्हा दोनशेच्या झाल्या. त्यातून आई खोलीत असली, की पन्नास वर्षं वर.

गेल्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या व्हिडिओत कॅमेऱ्यामागे आई खुर्ची टाकूनच बसलेली. मग काय, गौरी तीनशेच्या पार गेल्या. वर उल्हास म्हणाला, "आईनं गोधडीत अशा गुंडाळून दिल्या, की कस्टमवाल्यांना पत्ता लागला नाही." मंडळी हसली, टाळ्या पडल्या. तो व्हिडिओ फिरत फिरत, चोरट्या मार्गाने आणलेल्या प्राचीन मूर्ती शोधणाऱ्या पोलिसांकडे पोचला. कुणीतरी त्याचं इंग्रजी करून दिलं. मराठी माणूस घराण्याबद्दल बोलू लागला की शंभरेक वर्षं वजा करून ऐकायचं असतं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

माळ्यावरच्या खोक्यातून मुखवटे निघाले. हातमोजे घातलेला पोलीस ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणार, तोच यमुनाबाई म्हणाल्या, "थांब बाळा."

त्या आत गेल्या, हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. दोघींना हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, कोऱ्या खणात गुंडाळलं आणि मगच पोलिसाच्या हातात दिलं. बर्मिंगहॅमहून वीकेंडला आलेली नात तनू मध्ये दुभाष्याचं काम करत होती.

"तिला सांग, पालथ्या घालू नका म्हणावं. आणि एकमेकींपासून लांब ठेवू नका. बहिणी आहेत."

तनूने सांगितलं. सार्जंटबाईंनी गंभीरपणे टिपून घेतलं आणि पावती दिली: 'स्त्रियांची शिरं, दोन. धातूची. डोळे उघडे.'

निघताना त्या कुरकुऱ्या पोलिसाला एक बूट चढेना, कारण त्या पायातला मोजा जाग्यावर नव्हता. तो यमुनाबाईंच्या हातात होता. झडती चालू असताना त्यांनी तो मागून घेऊन रफू करून ठेवला होता. अरुणाला त्या दिवशी सासूचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत मिळून वाटला नसेल.

"बाबा, it's simple," तनू म्हणाली. ती एका सॉलिसिटरकडे ट्रेनिंग करत होती. "आपला property आहे हे prove कर, की ते परत देणार."

गौरी यायला तीन आठवडे होते. उल्हास कामाला लागला. त्याने गौरींचा सगळा इतिहास लिहून काढला आणि पुरावा म्हणून दर वर्षीचे फोटो जोडले. पोलिसांचं आभाराचं उत्तर आलं. मुखवटे तुमचेच आहेत हे पटलं, पण ते किती जुने आहेत हेही आता तुम्हीच लेखी दिलं आहे, तेव्हा ते अजून ठेवून घ्यावे लागतील.

मग मंडळाच्या अध्यक्ष अलकाताईंनी मायेपोटी शिफारसपत्र दिलं. मायेपोटीच त्यांनी आणखी पन्नास वर्षं घातली. उल्हासने साताऱ्याला फोन केला. अंबरीशने दुसऱ्याच दिवशी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून धाडलं: 'सदर गौरी आमच्या घरात सात पिढ्या होत्या आणि माझ्या समक्ष धाकट्या भावाबरोबर विलायतेस गेल्या.' ते वाचल्यावर पोलिसांनी प्रकरण संग्रहालयाच्या तज्ज्ञांकडे सोपवायचं ठरवलं. तज्ज्ञांचा अहवाल हिवाळ्यानंतर मिळणार होता.

गौरी बसायच्या पुढच्या आठवड्यात.

"आई," अरुणा भीत भीत म्हणाली, "लेस्टरला मुखवटे मिळतात म्हणे. या वर्षापुरते आणायचे का?"

यमुनाबाई वाल सोलत होत्या. "पाहुण्यांना बोलावणं करायचं, आणि आयत्या वेळी दुसऱ्याच कुणाला पाटावर बसवायचं?" एवढंच म्हणाल्या. पण त्या रात्री जेवल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशीही ताकावरच राहिल्या. सासरी आल्यापासून त्यांच्या हातून गौरी कधी चुकल्या नव्हत्या. सुतकातसुद्धा शेजारणीकडून करवून घेतल्या होत्या. आता ब्याऐंशीव्या वर्षी त्या चुकणार होत्या, आणि तेही पोलिसांमुळे.

खरं तर एका वाक्याने सगळं मिटलं असतं. ते वाक्य अरुणाला माहीत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच गौरींना तिने मुखवटे चिंचेने घासायला घेतले, तर कनिष्ठेच्या आतल्या बाजूला दुकानाचा शिक्का. खाली फोन नंबर. सात पिढ्यांपूर्वी साताऱ्यात फोन असण्याचा संभव कमी. पलीकडच्या खोलीत उल्हास कुणाला तरी अभिमानाने सांगत होता, 'आईनं मला जुन्या दिल्या, दादाला नाही.' अरुणाने तारेची घासणी घेतली आणि शिक्का दिसेनासा होईपर्यंत घासला. घराला वाचवणारा एकमेव पुरावा तिने अशा रीतीने स्वहस्ते मोरीत सोडला होता.

"मम, एक सांगू?" तनू स्वयंपाकघरात येऊन दार लोटत म्हणाली. "प्रॉमिस कर, बाबाला सांगणार नाही."

"काय गं?"

"आजीचा गौरी ना, मी पुण्यात शॉपच्या विंडोमध्ये बघितला. A whole row of them. Same nose. मी बारा वर्षांची होतो."

"होते."

"होते. तुला माहीत होता?"

"हळू बोल."

"काकालापण माहीत असणार. त्याचा कॅमेरा every single year गौरीलाच कसा बिघडते?"

हे अरुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. फॅमिली ग्रुपवर अंबरीश अगदी कढीपत्त्याच्या झाडाचेही फोटो टाकी, पण घरच्या गौरींचा एकही नाही. म्हणजे जुन्या तिकडेच होत्या. त्याला ते पक्कं माहीत होतं. आणि आईचा शब्द खोटा पडू नये म्हणून त्या भल्या माणसाने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर शपथ घेतली होती.

"मग सांगून टाकू या ना," तनू म्हणाली.

"आणि तुझ्या बाबांचं काय? आईनं आपल्याला वेगळं काही दिलं, एवढ्यावर तो माणूस इथले पंचवीस हिवाळे काढत आलाय. आणि आजीनं त्यांच्यासमोर कसं म्हणायचं, की मी फसवलं?"

तनूने डब्यातला एक लाडू उचलला आणि गप्प बसली. घरात सगळेच एकमेकांसाठी गप्प होते. त्यामुळे गौरी कोठडीत होत्या.

शेवटचा उपाय म्हणून चौघं पोलीस स्टेशनला गेली. सार्जंट हॉलोवे त्यांना मागच्या सामानाच्या खोलीत घेऊन गेल्या. एका लोखंडी मांडणीवर जप्त केलेल्या सायकली, टीव्ही, ड्रिल मशिन्स कशीही रचलेली. मधला एक कप्पा तेवढा रिकामा केलेला. त्यात खणावर, शेजारी शेजारी, उताण्या नव्हे, पालथ्या नव्हे, सरळ उभ्या केलेल्या दोघी. कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं.

यमुनाबाईंनी दोघींना हात जोडले. मग तनूला म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, माहेरपण चांगलं केलंत."

तनूने आपल्या परीने सांगितलं. सार्जंटबाई जराशा लाजल्या. मग घसा साफ करून म्हणाल्या, "उद्या सकाळी संग्रहालयाची गाडी येणार आहे. मला स्वतःला हे आवडलेलं नाही. पण तुमच्या घरातलं प्रत्येक माणूस मला लिहून देतंय, की हे तीनशे वर्षांपूर्वीचे आहेत. ते नवे आहेत असं घरातलं कुणी नीट सांगितलं, आणि कुठे घेतले ते मला पडताळता आलं, तर मी आत्ता सही करून देईन."

तनूने ते आजीला मराठीत सांगितलं. अरुणाने तोंड उघडलं, उल्हासकडे बघितलं आणि मिटलं. तनू आपल्या बुटांकडे बघू लागली. यमुनाबाईंनी काठीवरची पकड बदलली. "तनू, बाईंना सांग..." त्या म्हणाल्या, आणि त्यांचीही नजर मुलाकडे गेली. ज्या बाईने पोलिसांचे बूट काढवले, तिला वाक्य अर्धवट सोडताना अरुणाने पहिल्यांदाच पाहिलं.

"नव्या आहेत," उल्हास म्हणाला.

तो इंग्रजीत, सावकाश, मीटिंगमध्ये बोलतो त्या आवाजात बोलला. "मी यायच्या आदल्या आठवड्यात पुण्यात, बोहरी आळीत घेतल्या. दुकान अजून आहे. नंबर देतो. आता मालकाचा मुलगा बसतो."

सार्जंटबाईंनी भुवया उंचावल्या, नंबर घेतला आणि फोन करायला बाहेर गेल्या.

अरुणा नवऱ्याकडे बघतच राहिली. तो सगळा इतिहास, ते दर वर्षी वाढणारं वय, आई खोलीत आली की चढणारा तो आवाज. इतकी वर्षं ती त्याला बढाई म्हणत आली होती.

यमुनाबाईंनी मान वळवली नाही. त्या गौरींकडेच बघत होत्या.

"तुला कधी कळलं रे?"

"तेव्हाच. स्कूटर मीच चालवत होतो ना, आई. दुकानाबाहेर तू मला म्हणालीस, तोंड तिकडे कर."

"मग केलं नाहीस?"

"केलं की," उल्हास म्हणाला. "तिकडे पानवाल्याचा आरसा होता."