पाणी ऐकू न येणारी खोली

आमच्या शेजारचे सिद्रामआप्पा बाली बेटावरच्या हॉटेलांना फोन लावायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "वॉटर कमिंग विच डे?"

पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची, "एव्हरी डे, सर."

मी ते ऐकून आप्पांना सांगितलं, की आप्पा फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळायचे. "थापा मारतीय, मास्तर. रोज कुटं पाणी येत असतंय व्हय?"

यात आप्पांना हसण्यासारखं काही नाही. सोलापुरात माणूस एक वेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, पण पाण्याचा दिवस विसरणार नाही. आमच्याकडे लग्नाची तारीख धरतानासुद्धा आधी पाणी बघतात, मग पंचांग. नळ कधी चौथ्या दिवशी येतो, कधी पाचव्या. आला तर पहाटे येईल की भर दुपारी, हे त्याचं त्यालाच ठाऊक. अशा गावात केस पांढरे झालेला माणूस परदेशातल्या हॉटेलवाल्याला दुसरं काय विचारणार?

आप्पा चादरीच्या कारखान्यात मुकादम होते. यंत्रमागांच्या खडखडाटात उमेदीची वर्षं गेली. त्यात कान गेले आणि आवाज वाढला. आप्पा कुजबुजतात तेव्हा गल्लीच्या टोकाचा चहावाला "काय म्हणताय आप्पा?" म्हणून विचारतो. त्यामुळे फोन लावायचे ते, ओरडायचे ते, आणि पलीकडचं ऐकून त्यांना सांगायचं काम माझ्याकडे. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, ही माझी चूक.

बालीचं खूळ निघालं ते महादेवीकाकूंमुळे, म्हणजे आप्पांच्या बायकोमुळे. एकदा मोबाईलवर कुठलीशी चित्रफीत लागली होती. तिथल्या बायका जरीची वस्त्रं नेसून, डोक्यावर फळांची उतरंड घेऊन रांगेनं देवळात चाललेल्या. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बगा की, डोक्यावर हंडा न्हाय. फळं हायती. किती छान दिसतंय." एवढंच. पण आप्पांना तेवढं नेमकं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "मास्तर, बालीला जायचं ठरलं."

"काकू काय म्हणतात?"

"ती न्हाय म्हणतीय. पर ठरलं म्हंजी ठरलं."

काकू नाहीच म्हणत होत्या. "पाण्याच्या दिवशी मी घर सोडून कुटंबी जात न्हाय," हे त्यांचं वाक्य सगळ्या गल्लीला पाठ. अक्कलकोटला माहेरी गेल्या तरी दर्शन घेऊन, आईच्या हातचं खाऊन, त्याच दिवशी परत. भाऊ कानडीत रागवायचा, या मराठीत हसायच्या आणि एसटीत बसायच्या.

तर हॉटेल. आप्पांनी हॉटेलं नाकारण्याचा जो सपाटा लावला, तसा मी मुलींसाठी स्थळं बघणाऱ्या बापांचाही पाहिलेला नाही. पहिलं हॉटेल समुद्रावर होतं. खोलीतून लाटा ऐकू येतात, असं ती मुलगी कौतुकानं म्हणाली. मी ते आप्पांना सांगितलं आणि आप्पांनी फोन बंद केला. दुसऱ्या हॉटेलात खोलीसमोर कारंजं. नको. तिसरं भाताच्या खाचरांमध्ये, शेजारून पाट वाहतो. नको. चौथ्याच्या अंगणात दगडी बेडकाच्या तोंडातून अष्टौप्रहर पाण्याची धार पडते, ती शुभ असते म्हणे.

"बेडूक बंद करता येतो का इचारा."

मी विचारलं. इंग्रजीत बेडूक बंद करता येतो का हे विचारताना मला माझ्या नोकरीची लाज वाटली. तिनं तिकडे कुणाला तरी विचारलं. मग उत्तर आलं, की येत नाही.

"नको मग."

बरं, पाण्याचंच वावडं म्हणावं, तर बघायची ठिकाणं निवडताना हाच माणूस अगदी उलटा. तळ्यातलं देऊळ, हवं. समुद्रातल्या खडकावरचं देऊळ, हवंच. झऱ्याचं एक देऊळ आहे, तिथं ओळीनं दगडी तोट्या आणि त्यातून दिवसरात्र पाणी पडतं, लोक त्याखाली डोकं धरून उभे राहतात. ते तर आप्पांनी यादीत दोनदा घातलं, जाताना आणि येताना.

"तिला ते दावायचंच हाय. तोट्या चालूच ऱ्हातात, आन् कुणी भरत न्हाय की बंद करत न्हाय. बगू दे तिला."

म्हणजे दिवसभर पाण्यात आणि रात्री मात्र अशा खोलीत, जिथं पाण्याचा थेंब ऐकू येता कामा नये. बेटावर! लोक लाटा ऐकायला जादा भाडं मोजतात. शेवटी माझा संयम सुटला. मी म्हणालो, "आप्पा, तुम्हाला तर लाट काय, तोफ ऐकू येत नाही. मग खोलीत आवाज असला काय, नसला काय?"

आप्पा रागावले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं, काकू बाहेर आहेत याची खात्री केली. मग त्यांच्या मानानं हळू आवाजात म्हणाले, "मला येत न्हाय, म्हणूनच तिला येतंय की ओ."

"म्हणजे?"

"नळाला हवा सुटली की आधी फुस्स करतंय. कान माझं लग्नाआदीच मागावर गेलं, ते मला कवाच ऐकू आलं न्हाय. लग्न झाल्यापासनं तीच उठती. रोज. आज दिवस नसला तरी एक कान नळाकडं ठिवून झोपती. भांड्यात थेंब पडला तरी उठून बसती, अंधारात कळशी चाचपती. ती आपली आपण जागी झाल्याली मी एकदाबी बगितली न्हाय, मास्तर. झोप पुरी झाली, डोळं उघडलं, असं. माणसं उठत्यात तसं. तेवढं एकदा बगायचंय."

आमची भिंतीला भिंत. पलीकडे कळशीचा आवाज झाला की आम्ही दोघं नवराबायको म्हणायचो, चला, पाणी आलं. काकूंना कोण उठवतं, हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून मी स्वतःच हॉटेलवाल्यांची उलटतपासणी घ्यायला लागलो. खोलीशेजारी पाट? पागोळ्या? वरच्या मजल्यावरची मोरी? आणि अखेर एक जुनं, साधं हॉटेल सापडलं. त्याच्या मालकिणीनं खजील होऊन कबूल केलं, की आमच्याकडून समुद्र दिसत नाही, झरा नाही, बागेतली विहीरही बुजवली आहे.

"हेच," आप्पा गरजले.

राहता राहिला काकूंचा पाण्याचा दिवस. तो मी अंगावर घेतला. काकूंनी आधी माझी परीक्षा घेतली. पिण्याचं आधी, वापरायचं मागनं. तोटीला फडकं बांधायचं, पहिलं गढूळ पाणी झाडाला. एकदा समोर उभं राहून भरून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जमतंय तुमाला." मग कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दोघं गेली.

ते पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी इकडे पाणी आलं. मी दोन्ही घरचं भरलं, चिंब भिजलो आणि काकूंना आनंदाची बातमी द्यावी म्हणून फोन लावला. आप्पांनी तो कापला. परत लावला, परत कापला. तिकडे सूर्य आपल्या आधी उगवतो, म्हणजे त्यांची चांगली उन्हं वर आलेली असणार. काही झालं की काय, या धास्तीनं मी ओल्या हातांनीच मोबाईल धरून बसलो. तेवढ्यात आप्पांचा मेसेज आला.

"फोन करू नका. ती झोपलीय."

मी लिहिलं, "पाणी भरलं म्हणून सांगा त्यांना."

"उटल्यावर सांगतो. तिच्या तोंडावर ऊन येतंय. पडदा वडला तर कड्या वाजत्यात का न्हाय ते मला कळनार न्हाय. म्हणून खिडकीपुडं हुबा हाय."

"कधीपासून?"

उत्तर आलं.

"ऊन आल्यापासनं."