जित्याच्या तळ्यातला कप

बाप्पाचं विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शकू मखर सोडायला बसली. बाप्पाशेजारी ठेवलेला कप जागेवर नव्हता.

हा काही चहाचा कप नव्हे. विभागातल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा तो फिरता चषक. गेल्या वर्षी पेणच्या मुलींनी तो रोह्याकडून जिंकला आणि कॅप्टन म्हणून शकूने हट्टाने आपल्या गावी, जित्याला, घरी आणला. देताना रोह्याच्या संघाच्या शेडगे सरांनी बजावलं होतं, "दोन्ही हातांनी धर. अन् ओलं फडकं लावू नका हो, चकाकी जाते." घरच्यांनी वर्षभर त्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. गणपतीत मात्र तिच्या आईला, गिरजाबाईंना, राहवलं नाही. "पोरीला यश दिलंस देवा, ते तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," म्हणत त्यांनी कपात दूर्वा खोचल्या आणि तो बाप्पाशेजारी मांडला. देवाचे आभार मानायला बसल्या की त्यांना धरबंध नसे.

"काका, कप कुठाय?"

केरूकाका अंगणात दात घासत होते. "त्यो सोनेरी? त्यो गेला की बाप्पाबरोबर!"

"तळ्यात?"

"मंग? मला वाटलं मखराचाच हाय. चांगला हात जोडून सोडला. पुढच्या वर्षी लवकर ये, असं पन बोललो त्याला."

भावकीतले चौघे तळ्यात उतरले. पाणी जेमतेम कमरेएवढं. चिखलातून दोन पाट निघाले, कुणाची तरी कळशी निघाली, पण कप काही निघेना.

"पितळेचा जड कप, जाईल कुठं?" केरूकाका कळशी पुसत म्हणाले.

"बाप्पाला आवडला असंल गो," गिरजाबाई म्हणाल्या, पण त्याही काठावरून वाकून पाण्यात बघत होत्या. कप परत आला नाही तर संघच स्पर्धेतून बाद, असा नियम होता. एका दूर्वेच्या जुडीपायी साऱ्या मुलींचं वर्ष फुकट जाणार होतं.

शकू हमरापूरला धावली. त्यांच्या घरची मूर्ती दर वर्षी तिथल्या हिरामणच्या कारखान्यातून येई. तिने फोटो पुढे केला, तर हिरामणने तो बघितलाही नाही.

"ठेव गो बाजूला. शाडूचा करतो, सोनेरी मारतो. कोनाला कलनार पन नाय." आणि तो मिशीत हसला.

कप झाला झकास. फक्त बुंध्याशी एक उंदीर बसला होता.

"हिरामणकाका, हे काय?"

"हात गेला गो! एवढी वर्सं बाप्पाचं काम. पायाशी उंदीर आपसूक येतो. आता खरवडला तर तडा जाईल."

शकूने उंदरावर झेंडूची माळ गुंडाळली. आता एकच उपाय होता, पुन्हा जिंकायचं. मग कप आपल्याच घरी येणार आणि माळ सोडायचं कुणाला कारण नाही. यंदाची स्पर्धा रोह्याला होती. गाडीत तिने तो फडक्याने झाकून मांडीवर घेतला, तर समोरच्या म्हातारीने हात जोडले आणि सरकून बाप्पाला जागा करून दिली. शकूनेही मनातल्या मनात नमस्कार करून घेतला.

अंतिम सामना रोह्याशीच पडला. शकू जिवाच्या आकांताने खेळली. शेवटचा चेंडू तिने टाकला, तो रिंगवर गरगर फिरला आणि बाहेर पडला. एका बास्केटने पेण हरलं. सगळ्या मुली हरल्या म्हणून रडत होत्या, शकू उंदरासाठी रडत होती.

शेडगे सरांनी कप घेतला, माळ सोडली आणि ते थबकले. मग शकूला हळूच खांबाआड नेलं.

"हमरापूरचा?"

शकूने हुंदके देत सगळं सांगितलं. आता सर कडाडणार म्हणून तिने मान खाली घातली. वर बघते तो सरांचे डोळे भरलेले.

"पोरी, तुझे उपकार कसे फेडू?" ते म्हणाले. "खरा कप कधीच कुंडलिका नदीत गेला. आमच्या आईनं बाप्पाशेजारी ठेवला होता. तुम्ही जिंकलात तो मीच हिरामणकडून करून घेतलेला. त्या कपावरच्या चेंडूला शेंडी होती, आठवतं? मोदक करून ठेवला होता त्यानं! शाडूच तो, तुमच्या तळ्यात विरघळला. मला वर्षभर झोप नाही. कुणी घासायला घेतला अन् हातात चिखल आला तर?"

शकू रडता रडता हसू लागली. "सर, मग तुमचेच उपकार. मला वाटलं, आता मी मेले!"

"पुढच्या खेपेला दोघं मिळून पितळेचाच करू. तोवर गप्प राहायचं."

इतक्यात रोह्याची कॅप्टन मैना उड्या मारत आली. "सर, कप मी घरी नेऊ? आई बोलते, देवानंच दिलाय, गणपतीत बाप्पाशेजारी..."

"नको!" दोघेही एकदम ओरडले.